‘द ओल्ड मॅन द बोट’

‘द ओल्ड मॅन द बोट.’ भाषाविज्ञानात गाजलेले, अवघ्या पाच शब्दांचे इंग्रजी वाक्य. यातली नामे ओळखायला सांगितली की बहुतेकांची पेन्सिल ‘मॅन’ आणि ‘बोट’ यांच्याखाली फिरते. म्हातारा माणूस आला, होडी आली; पण वाक्य काही पुरे होत नाही. क्रियापदच सापडत नाही. मला हे वाक्य आवडते ते या अडखळण्यासाठी, कारण त्यानंतर वाचणारा प्रत्येक शब्दाकडे नव्याने पाहू लागतो.

क्रियापद ‘मॅन’ हेच आहे. जहाजावर, तोफेवर, चौकीवर माणसे लागतात. तिथे हजर राहून काम सांभाळणे, असा त्याचा अर्थ. तो जुन्या इंग्रजीपासून चालत आला आहे. आता ‘द ओल्ड’पाशी किंचित थांबून वाचा : होडी सांभाळतात ती म्हातारी माणसे.

व्यक्तीचे, वस्तूचे किंवा गुणाचे नाव ते नाम, ही शाळेतली व्याख्या इथे तोकडी पडते. ‘मॅन’कडे पाहून व्यक्तीच आठवते, तरी ते नाम नाही. वाट दाखवतो तो दुसरा ‘द’. इवलासा शब्द, पण ‘मॅन’च्या पाठोपाठ येऊन तो सांगतो की इथून नवा नामसमूह सुरू झाला, म्हणजे आधीचा संपलेला असणार आणि मधल्या शब्दाला क्रियापद व्हावेच लागणार. आणखी एक बारकावा पाहा. ‘द ओल्ड’ म्हणजे सगळी वृद्ध मंडळी, म्हणजे बहुवचन. म्हणून ‘मॅन’ला शेवटी ‘एस’ लागलेला नाही. तो लागला असता तर कोणी फसलेच नसते. एका अक्षराच्या गैरहजेरीवर हे वाक्य उभे आहे!

मराठीत अशी फसगत सहसा होत नाही. ‘गरिबांना’, ‘श्रीमंतांनी’, ‘धाकटीला’ : विशेषणाला विभक्ती लागली की त्याचे नामासारखे वागणे उघड दिसते, मग शब्द वाक्यात कुठेही ठेवा. हजार वर्षांपूर्वी इंग्रजीतही नामांना तीन लिंगे होती, विभक्तिप्रत्यय होते. पुढे ते झिजत गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या क्रमाकडे आले. आजच्या इंग्रजीत नाम ओळखायचे तर शब्दाच्या अंगावर खूण शोधून भागत नाही, त्याचे शेजारी पाहावे लागतात.

राहिला ‘ओल्ड’. शालेय व्याकरण त्याला इथे नाम म्हणून मोकळे होते. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या 2002च्या केंब्रिज व्याकरणाच्या मते मात्र असा शब्द विशेषणच राहतो, फक्त नामाची जागा सांभाळतो. मला हे पटते. ‘द व्हेरी ओल्ड’ म्हणता येते, आणि ‘व्हेरी’ असा नामाआधी येत नाही; शिवाय या अर्थाने ‘ओल्ड्स’ असे अनेकवचन कोणी करत नाही. तसे पाहिले तर या वाक्यात निखळ नाम एकच उरते : ‘बोट’.

इंग्रजी शिकवणाऱ्यांनी हे वाक्य एकदा तरी फळ्यावर लिहावे. मुलांनी नामाखाली रेघ ओढली की ‘कशावरून?’ असे विचारावे, आणि त्या उत्तरासाठी तासातला वेळ राखून ठेवावा.