फिडल, गळा आणि घराणे : गजाननबुवा जोशी यांच्या वादनासंबंधी काही विचार

वाद्याचे नाव हे पुष्कळदा त्याच्या प्रवासाचे दाखलापत्र असते. ज्या वाद्याला आज आपण व्हायोलिन म्हणतो, त्याला मुंबईकडची जुनी मंडळी फिडल म्हणत. हिंदीत त्याला बेला हे नाव मिळाले. गोव्याच्या कोकणीत ते रेबेक ह्या फार जुन्या युरोपीय नावाने ओळखले गेले. एकाच वस्तूला तीन भाषांनी तीन नावे द्यावीत ह्याचा अर्थ उघड आहे. हे वाद्य आपल्याकडे एका वाटेने आले नाही आणि एका घरात राहिले नाही. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितर (1786–1859) ह्यांनी त्याला कर्नाटक संगीतात आणले आणि तेथे ते गायनाच्या साथीचे अपरिहार्य अंग झाले. उत्तरेत मात्र साथीची जागा सारंगीची, आणि पुढे पेटीची होती. येथे व्हायोलिनला आपले स्थान स्वतः शोधावे लागले. महाराष्ट्रात ते ज्यांनी शोधले त्यांत गजाननबुवा जोशी (1911–1987) ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

बुवांचे डोंबिवलीशी जडलेले नाते आपल्या परिसराला परिचित आहे. प्रस्तुत लेखक कोपरीत राहतो. ठाणे स्थानकाच्या पूर्वेस खाडीकडे उतरलेल्या ह्या वस्तीत आगरी-कोळ्यांची मूळ बोली, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची भाषा आणि नोकरदारांची प्रमाण मराठी ह्या शेजारीशेजारी नांदतात. एकाच माणसाच्या तोंडी घरात ‘डोला’ आणि कचेरीत ‘डोळा’ असे दोन्ही उच्चार निर्वेधपणे येतात, व त्याला त्यात काहीच विसंगती वाटत नाही. भाषेच्या अभ्यासकाला हे दृश्य नित्याचे आहे. परंतु बुवांच्या सांगीतिक चरित्राकडे पाहताना हेच दृश्य एका निराळ्या प्रश्नाची किल्ली ठरते असे वाटल्यावरून हे टिपण लिहिले आहे.

चरित्राची मुख्य रेषा सर्वश्रुत आहे. वडील अंतुबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, म्हणजे ग्वाल्हेरची ख्यालगायकी ज्यांनी महाराष्ट्रात रुजवली त्यांचे साक्षात वारसदार. औंध संस्थानाचा आश्रय त्यांना लाभला होता आणि 1955 साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. गजाननबुवांची पहिली तालीम घरातच झाली. त्यानंतर रामकृष्णबुवा वझे, आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ आणि जयपूर घराण्याचे भुर्जी खाँ ह्यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली. पुढे आकाशवाणीशी त्यांचा दीर्घ संबंध राहिला, आणि 1972 साली वडिलांप्रमाणेच त्यांनाही अकादमीचा पुरस्कार मिळाला.

ह्या नामावळीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ज्या गुरूंची नावे बुवांच्या संदर्भात नेहमी घेतली जातात, ते सर्व गवई आहेत. व्हायोलिनवादक त्यांत एकही नाही. दुसऱ्या टोकाला पाहावे तर उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे, शुभदा पराडकर अशी जी शिष्यपरंपरा आज विशेष सांगितली जाते, तीही गायकांचीच आहे. म्हणजे गळ्यातून आलेली विद्या व्हायोलिनच्या तारांवर उतरली आणि तेथून पुन्हा गळ्यात गेली. वादक म्हणून ज्याची कीर्ती देशभर झाली त्या कलावंताचा वारसा मुख्यत्वे गायनात उरावा, ही घटना केवळ योगायोगाची नव्हे. तिच्यातच बुवांच्या वादनाचे सामर्थ्य आहे, आणि मर्यादाही तिच्यातच आहे.

प्रथम सामर्थ्याचा विचार करू. ‘गायकी अंगाचे वादन’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका सैलपणे वापरला जातो की मींड घेणारा कोणताही वादक त्याला पात्र ठरतो. वस्तुतः गायकी म्हणजे केवळ सलग स्वर नव्हे. ख्यालात बंदिशीचे शब्द असतात. त्या शब्दांतील व्यंजने स्वरप्रवाहाला अडवितात, तोडतात, त्यावर आघात देतात. व्हायोलिनला व्यंजने नाहीत. त्याच्यापाशी आहे तो गज. गजाची दिशा बदलली की प्रवाहात एक सूक्ष्म सांधा पडतो. तो सांधा म्हणजेच वाद्याचे अक्षर. डाव्या हाताची बोटे स्वर घडवितात, परंतु उच्चार घडतो तो उजव्या हातात. हे ज्याला उमगले त्याच्या वादनात शब्द नसूनही बंदिशीचे शब्द ऐकू येतात.

बुवांची ध्वनिमुद्रणे ऐकताना हा उच्चार स्पष्ट जाणवतो. मुखड्यावर येताना गज कोठे वळावा हे तेथे तालाच्या सोयीने ठरत नाही, बंदिशीच्या अक्षरांनी ठरते. समेवर पडणारे अक्षर जोरकस असेल तर गजही जोरकस पडतो; ते दीर्घ असेल तर गज लांबतो. गाणारा माणूस वाजवीत आहे हे ओळखण्यास निराळा पुरावा नको.

येथे तीन घराण्यांचा प्रश्न येतो. घराणे आणि बोली ह्यांचे साम्य वरवरचे नाही. दोहोंतही व्याकरणाचा गाभा एक असतो, परंतु उच्चार, लय आणि वाक्य संपविण्याची रीत निरनिराळी असते. ग्वाल्हेरची रीत सरळ: बंदिश स्वच्छ मांडावी, आलाप, बोलतान, तान अशी क्रमाने बढत करावी आणि तान सपाट वेगाने जावी. आग्र्याची रीत शब्दाला लयीशी झुंजविण्याची. तेथे बोलांचे तुकडे पाडून तालाशी खेळ केला जातो. जयपूरची रीत दीर्घ श्वासाची. आकारातून स्वरांची गुंफण चालते आणि श्वास कोठे संपला हे श्रोत्याला कळूही नये अशी तिची अपेक्षा असते. आता ह्या तिन्ही रीती गजाच्या भाषेत मांडून पाहाव्यात. जयपूरला एका गजात पुष्कळ स्वर सामावणारा लांब हात लागतो. आग्र्याला तोडलेला, लयीशी तिरका जाणारा गज लागतो. ग्वाल्हेरला समान वेगाचा, पारदर्शक गज लागतो. जो तिन्ही बोली बोलतो त्याच्या उजव्या मनगटाला तीन सवयी असाव्या लागतात.

तीन घराण्यांची तालीम घेतलेल्या कलावंताविषयी आपल्याकडे दोन ठरीव मते ऐकू येतात. एक पक्ष त्याला समन्वयकार म्हणून गौरवितो, दुसरा संकराचा दोष देतो. दोन्ही पक्ष एकच चूक करतात: मिसळ झालीच पाहिजे असे ते गृहीत धरतात. परंतु ज्याला दोन बोली खरोखर येतात तो त्या मिसळीत नाही. प्रसंग पाहून एकीतून दुसरीत जातो. कोपरीतला तो ‘डोला’ आणि ‘डोळा’ म्हणणारा गृहस्थ तिसरा उच्चार निर्माण करीत नाही. बुवांच्या शिष्यांकडे पाहिले असता हीच गोष्ट प्रत्ययास येते. उल्हास कशाळकरांच्या गायनात तिन्ही घराणी ऐकू येतात, पण प्रत्येक घराणे आपल्या रागात आणि आपल्या बंदिशीत आपल्याच उच्चाराने येते. असे भान शिष्यात उतरले असेल तर ते गुरूपाशी निश्चितच होते.

आता मर्यादेकडे वळू. त्यासाठी थोडे दूर, आयर्लंडकडे पाहणे उपयुक्त होईल. तेथील स्लायगो परगण्यात 1891 साली जन्मलेला मायकेल कोलमन हा फिडलवादक 1914 साली अमेरिकेस गेला आणि 1921 पासून न्यू यॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघू लागल्या. त्या तबकड्या समुद्र ओलांडून मायदेशी पोहोचल्या, आणि ज्या देशात परगण्यागणिक फिडलची बोली बदलत होती तेथे स्लायगोची बोली जवळजवळ प्रमाणभाषा होऊन बसली. 1945 साली कोलमन वारला तेव्हा त्याचे वादन त्याच्याहून कितीतरी अधिक घरांत पोहोचलेले होते. असे का झाले? एक कारण हे की त्याचे संगीत मुळातच वाद्याचे होते. रील आणि जिग ह्या नृत्यगती. त्या वाजविण्यासाठीच जन्मल्या. तबकडीवरून ऐकून दुसऱ्या फिडलवाल्याला त्या जशाच्या तशा उचलता येत.

बुवांच्या वादनाला असे अनुकरण मानवण्यासारखे नव्हते. त्यांनी वाद्यासाठी निराळी भाषा घडविली नाही. त्यांनी वाद्याला गळ्याची भाषा शिकविली. ती भाषा ज्याला येत नाही त्याला त्यांचे वादन केवळ ऐकून आत्मसात होणार नाही, त्याला आधी गावे लागेल. समकालीन विष्णु गोविंद जोग (1922–2004) ह्यांच्याशी तुलना केली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. जोगांनी गायकीला तंतकारीची जोड दिली, बिस्मिल्ला खाँ ह्यांच्यासह जुगलबंदी गाजविल्या आणि वाद्याचे वाद्यपण मोकळेपणाने वापरले. बुवांनी तो मार्ग धरला नाही. ह्यामुळे मराठी व्हायोलिनला स्वतःची अशी पृथक् संपत्ती त्यांच्याकडून कमी मिळाली, हे मान्य केले पाहिजे. गौरवाच्या भरात हे झाकून ठेवणे त्यांच्यासारख्या काटेकोर विद्वानाला न्याय देणारे होणार नाही.

तथापि ह्या तोट्याची दुसरी बाजूही आहे. 1940 पासून सुमारे तीन दशके रेडिओवर पेटीला मज्जाव होता. पेटीचा स्वर पायरीपायरीने चालतो, तो दोन स्वरांमधील वाट दाखवीत नाही, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप. वाद्याने गळ्याच्या बरोबरीने ती वाट चालून दाखविणे हे त्या काळाचे खरे आव्हान होते. बुवांनी ते स्वीकारले, आणि परिणामी त्यांच्या हातातील वाद्य गायकीची कसोटी बनले. शब्दांचा आधार काढून घेतल्यावरही घराणे ओळखू येते काय? येत असेल तर घराणे शब्दांत नाही, उच्चाराच्या शिस्तीत आहे. हा सिद्धान्त बुवांनी ग्रंथात मांडला नाही. गजाने सिद्ध केला.

कोलमनची बोली तबकडीमुळे पसरली आणि शेजारच्या बोली तिच्याखाली दबल्या. बुवांच्या तिन्ही बोली पुढे गेल्या त्या तालमीमुळे, आणि एकीने दुसरीला गिळले नाही. प्रसार थोडा झाला, भेद मात्र शाबूत राहिले. ह्या दोहोंत श्रेष्ठ काय, ह्याचा निर्णय ज्याने त्याने करावा. बोलींच्या अभ्यासकाचा कौल कोणत्या बाजूस पडेल हे वेगळे सांगावयास नको.