टोपीला कारण लागतं?

मराठीत टोपीची पत फारशी बरी नाही. फसवणारा 'टोपी घालतो', पक्ष बदलणारा 'टोपी फिरवतो'. माकडटोपीला मात्र कुणी हसत नाही आणि हेल्मेटलाही नाही. त्यांना थंडीचं, पोलिसांचं कारण असतं. पणजोबांच्या काळात बोडक्या डोक्यानं बाहेर पडायला धाडस लागायचं. आता निव्वळ छान दिसते म्हणून टोपी घालायला लागतं. मी गेल्या वर्षीपासून ऑफिसला चौकडीची फ्लॅट कॅप घालतो. सुरुवातीला प्रश्न दोनच यायचे: "केस गेले का रे?" आणि "आज शूटिंग आहे वाटतं?" दोन्हींचा अर्थ एकच, तू स्वतःला समजतोस कोण?

विजय आनंदचा 'ज्वेल थीफ' (१९६७) याच प्रश्नावर उभा आहे. देव आनंदच्या टोप्यांचा चित्रपट, एवढ्यावर त्याची बोळवण होते. पण गोष्ट बघा. विनयला जो तो सांगतो, तू विनय नाहीस, अमर आहेस. वैजयंतीमालाची शालिनी तर त्याला आपला वाग्दत्त वरच ठरवते. अमरच्या पायाला सहा बोटं आहेत म्हणे, म्हणून विनयला भर पार्टीत बूट काढून पाय दाखवावा लागतो. माणूस कोण, हे ठरतं पायाच्या बोटांवरून. आणि इतक्या वर्षांनी आपल्याला आठवते ती टोपी, जिच्यावर कथानकाचं काहीच अडत नाही.

याउलट 'श्री ४२०' (१९५५) मधली राज कपूरची टोपी. चॅप्लिनच्या भटक्यावर बेतलेलं ते रूप. टोपी दिसली की भोळा, फाटका माणूस ओळखायचा. ती वेशभूषा आहे, तिला काम नेमून दिलंय. आपला सिनेमा टोपीला बहुतेकदा असाच राबवतो: ही गुप्तहेराची, ही खलनायकाची, ही साहेबाची. मग रस्त्यात कुणी हॅट घातलेला दिसला की आपण त्याची भूमिका शोधतो, यात नवल काय? देव आनंदची टोपी भूमिका सांगत नाही. ती त्याला आवडलीय, बस.

अर्थात, तो देव आनंद आहे. कॅमेरा त्याच्यावर लट्टू आहे; त्याला केसांचं कोण विचारणार? हा आत्मविश्वास स्टारचा आहे, दुकानात टोपीबरोबर तो मिळत नाही. 'ज्वेल थीफ'चं हे आकर्षण आहे आणि मर्यादाही: टोपी घालायला निघालेल्या साध्या माणसाचा संकोच त्यात कुठेच नाही.

तरी एक गोष्ट आपल्याला उचलता येते. तो टोपी एकदा घालून थांबत नाही. एकदाच घातलेली टोपी लोकांना घटना वाटते. वारंवार घातली की ती त्या माणसाचा भाग होते. आधी आत्मविश्वास, मग टोपी, असा क्रम मला तरी सापडलेला नाही. म्हणून 'ज्वेल थीफ' पुन्हा पाहाल तेव्हा देव आनंदला टोपी कशी दिसते हे सोडा. तो ती किती वेळा घालतो, ते मोजा.