शॉ यांचें लोपचिन्ह

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचीं नाटकें मूळ इंग्रजींत वाचूं लागलेला वाचक पहिल्या कांहीं पानांतच अडखळतो. ‘डोन्ट’, ‘कान्ट’, ‘वोन्ट’ हे शब्द तेथें अपॉस्ट्रॉफीवांचून छापलेले असतात. हा मुद्रकाचा प्रमाद नव्हे, ग्रंथकाराचा हट्ट आहे. हीं चिन्हें पानाची शोभा बिघडवितात, असें शॉ यांचें मत होतें. या हट्टाचा आधार घेऊन चिन्ह सर्वत्रच गाळणारे विद्यार्थी आम्हांस वरचेवर भेटतात. म्हणून हा विचार.

संस्कृतज्ञ वाचकांस येथें अवग्रह आठवेल. ‘सोऽहम्’मध्यें तो लुप्त अकाराची खूण आहे, गाळला तरी जाणत्याचें अडत नाहीं. तेवढ्यापुरतें शॉ यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु ‘आय् विल्’ व ‘ही विल्’ यांच्या संक्षेपांत त्यांनीं चिन्ह राखलें. कारण तें काढतांच उरलेलीं अक्षरें पहिल्या ठिकाणीं ‘आजारी’ आणि दुसऱ्या ठिकाणीं ‘नरक’ असा अर्थ देतात. ठीक, मग ‘कान्ट’चें काय? चिन्ह गेल्यावर तेथें ‘दांभिक बडबड’ या अर्थाचा शब्द उरतो, आणि या बडबडीवर तर शॉ जन्मभर तुटून पडले! ‘वोन्ट’चा तसाच ‘परिपाठ’ होतो. येथें तत्त्वापेक्षां लहरच प्रबळ दिसते.

षष्ठीच्या चिन्हास मात्र त्यांनीं हात लावला नाहीं. १८९२ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘विडोअर्स हाउसेस’ या त्यांच्या नाटकाच्या नांवांत चिन्ह ‘एस्’च्या पुढें आहे, म्हणून विधुर अनेक, तें ‘एस्’च्या अलीकडे सरकवावें, कीं सगळीं घरें एकाच विधुराचीं! मराठींत ‘विधुराचीं’ आणि ‘विधुरांचीं’ यांतील भेद अनुस्वार दाखवितो, आणि तो कानासहि कळतो. इंग्रजींत ‘पुष्कळ विधुर’, ‘विधुराचें’ व ‘विधुरांचें’ या तिन्ही अर्थांच्या रूपांचा उच्चार एकच. सारा भार डोळ्यांवर. त्यामुळें कानानें भाषा शिकलेला जन्मजात इंग्रजहि दुकानाच्या पाटीवर साध्या अनेकवचनास हें चिन्ह चिकटवितो.

राहतां राहिलें ‘इट्स’. ‘त्याचें’ या अर्थीं येथें चिन्ह नको. ‘हर्स’, ‘अवर्स’ यांनाहि तें लागत नाहीं. ‘इट् इज्’चा संक्षेप असेल तरच तें द्यावें. सतराव्या शतकांत षष्ठींतहि तें लिहीत असत, ही गोष्ट खरी. पण परीक्षकापुढें ती सबब चालत नाहीं. खुद्द शॉ यांनींहि या संक्षेपांतील चिन्ह काढलें नाहीं.