‘स्मृतिचित्रे’तील सुखदुःखाचा तोल : ख्रिस्ती श्रद्धा आणि दुःखाचे कथन

प्रास्ताविक

ख्रिस्ती परंपरेत दुःख सांगण्याची दोन जुनी वळणे आढळतात. पहिले विलापाचे : बायबलमधील ‘स्तोत्रसंहिता’ व ‘विलापगीत’ यांत देवाविषयीची तक्रार देवापुढेच मांडलेली आहे. दुसरे साक्षीचे : त्यात श्रद्धावान व्यक्ती आपले दुःख सांगते ते देवाने त्यातून कसे तारले हे सांगण्यासाठी. साक्षीचा शेवट आनंदात होत असल्याने आधीचे दुःख ही त्या आनंदाची केवळ पायरी ठरण्याचा धोका असतो. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) या चार भागांतील आत्मचरित्राने हा धोका कसा टाळला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साक्ष आणि स्मृती

पंडिता रमाबाईंचे १९०७ मधील इंग्रजी आत्मकथन साक्षीच्या वळणाचे आहे. दुष्काळात झालेला आईवडिलांचा व बहिणीचा मृत्यू तेथे विस्ताराने येतो. परंतु कथनाची दिशा श्रद्धेच्या लाभाकडे ठरलेली आहे. १८८३ मधील बाप्तिस्म्यानंतरही मन अतृप्तच राहिले, हे रमाबाई प्रांजळपणे नोंदवितात, हे या कथनाचे सामर्थ्य होय.

लक्ष्मीबाईंच्या कथनाला अशी पूर्वनिश्चित दिशा नाही. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याने पछाडले. वडिलांच्या या सोवळ्याने घरातील सर्वांना सोसावे लागले. पण लेखिका ते सांगते ते हसत. हे हसू नव्या धर्मातून जुन्या धर्माला केलेला उपहास नव्हे. पुढे स्वतःच्या सोवळ्याकडे, टिळकांच्या विसराळू औदार्याकडे आणि ख्रिस्ती मंडळींकडेही ती त्याच नजरेने पाहते. धर्मांतराने आयुष्याचे ‘अंधार’ व ‘प्रकाश’ असे दोन तुकडे पडत नाहीत.

१८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लेखन करतेवेळी त्या स्वतः अनेक वर्षे ख्रिस्ती होत्या. ‘जे झाले ते बऱ्यासाठीच’ असे म्हणणे त्यांना सहज शक्य होते. तरीही त्या प्रसंगातील आकांत त्यांनी पतीपासून तुटलेल्या हिंदू पत्नीचा म्हणूनच सांगितला. नंतर लाभलेल्या श्रद्धेने आधीचे अश्रू खोटे ठरविले नाहीत. लाजराच्या थडग्यापाशी, त्याला उठविण्यापूर्वी, येशूही रडला होता. आनंद जवळ आहे म्हणून शोक अनावश्यक ठरत नाही, हा त्या कथेचा आशय येथे जुळतो.

परिवर्तनाचे कथनही असेच संयत आहे. राहुरी येथे रात्रभर विचार करून जातिभेद मनुष्यनिर्मित असल्याचा निर्णय त्या घेतात आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास सिद्ध होतात. १९०० मधील बाप्तिस्म्यापूर्वीचा हा निर्णय प्रवचनातून नव्हे, स्वतःच्या विचारातून आलेला आहे. त्यामुळे त्यातील आनंद उसना वाटत नाही.

तोलाची मर्यादा

या तोलाला एक मर्यादाही आहे. टिळकांचा शीघ्रकोप, न सांगता घर सोडून जाणे, हातचा पैसा देऊन टाकणे या गोष्टी विनोदाच्या ओघात येतात व वाचक टिळकांना लगेच क्षमा करतो. पत्नीने क्षमा केली म्हणून समीक्षकानेही तिची किंमत मोजू नये, असे मात्र नाही. वर्गात हे पुस्तक केवळ ‘प्रसन्न विनोदा’चा नमुना म्हणून शिकविले गेल्यास लेखिकेने राखलेला तोल अध्यापकाकडूनच बिघडतो. तिचा विनोद दुःख झाकत नाही. ऐकणाऱ्याला ते पेलवेल इतपत हलके करतो.

समारोप

आनंद करणाऱ्यांसह आनंद आणि शोक करणाऱ्यांसह शोक करावा, असा पौलाचा रोमकरांस उपदेश आहे. ‘स्मृतिचित्रे’त हा उपदेश लेखिका स्वतःच्या भूतकाळासंबंधी पाळते : पूर्वीच्या ‘लक्ष्मी’बरोबर ती रडते आणि हसतेही, पण तिला उपदेश करीत नाही. श्रद्धेने दुःखाचा अर्थ लावण्याची घाई केली नाही, यातच या आत्मचरित्राचे वाङ्मयीन आणि धार्मिक मोल सामावले आहे.