मावशीला कुठलं ॲप सांगू?
गूगलनं २००५मध्ये टॉक आणलं, ते एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर. म्हणजे समोरच्याचं ॲप दुसऱ्या कुणाचं असलं तरी गप्पा व्हायच्या, ईमेलसारख्या. २०१३मध्ये हँगआउट्स आलं आणि ते दार बंद होत गेलं. माझ्या मते विश्वास तिथेच तुटला. पुढे २०१६चं ॲलो २०१९च्या मार्चमध्ये गुंडाळलं, २०२२मध्ये हँगआउट्सही.

ॲप बंद पडण्याचा राग नाही. जुना कोड मीही काढून टाकतो. (आमच्या धंद्यात नवं लाँच केलं की टाळ्या, जुनं सांभाळणाऱ्याला कोण विचारतो!) पण प्रोटोकॉल खुला असता तर ॲप गेलं तरी माणसं तुटली नसती. आता दरवेळी घरच्यांची समजूत काढत त्यांना हलवायचं आपणच. गूगलनं उद्या कितीही चांगलं ॲप आणलं, तरी मावशीला ‘हे घे’ म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.