ईरी कालवा : चित्रातले आणि चित्राबाहेरचे

छायाचित्र भूतकाळ जपते, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ते कोणाचा भूतकाळ जपते? अमेरिकेतील ईरी कालव्याची जुनी-नवी छायाचित्रे पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही.

हडसन नदीकाठच्या ऑल्बनीपासून ईरी सरोवराकाठच्या बफेलोपर्यंतचा ३६३ मैलांचा हा कालवा १८१७ ते १८२५ या काळात खोदला गेला. लॉकपोर्ट येथे नौकांना कडा चढविण्यासाठी एकापुढे एक असे पाच 'लॉक', म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करणारे दरवाज्यांचे हौद, बांधावे लागले. त्यांच्या दगडी पायऱ्यांवर बसलेल्या लॉक-कामगारांचे चित्र एफ. बी. क्लेंच यांनी १८९७ मध्ये टिपले. त्या माणसांत एक लहान मुलगीही आहे. बांधकामाच्या भव्यतेहून ते चालविणाऱ्या हातांना येथे मान मिळाला, हे या चित्राचे मोठेपण होय. शिल्पकार सुझन गायस्लर यांनी त्यावरून घडविलेले कांस्यपुतळे आज त्याच ठिकाणी बसले आहेत.

तरीही आमच्या मनात एक खंत उरते. हा कडा सुरुंगाच्या दारूने फोडणारे, माँटेझुमाच्या दलदलीत हिवतापाने पछाडलेले मजूर कोणत्याही छायाचित्रात नाहीत. त्यांत आयर्लंडहून आलेले कॅथलिक स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये; तोवर त्यांचे काम संपून गेले होते. ज्यांचे चित्र निघाले त्यांचे पुतळे झाले; ज्यांचे निघाले नाही ते दगडातच राहिले.

१९१८ मध्ये पूर्ण झालेल्या रुंद कालव्यासाठी लॉकपोर्टच्या जोडरांगांपैकी एक पाडून तेथे दोन मोठे लॉक आले. दुसरी जुनी रांग शेजारीच उभी आहे. आता मालवाहतूक ओसरली असून सहलीच्या नौका आणि सायकलस्वार यांचीच चित्रे अधिक दिसतात. २०२५ मध्ये कालव्याला दोनशे वर्षे झाली. ही नवी चित्रे देखणी आहेत, पण त्यांतले पाणी जणू आपोआप वाहत आले आहे. कालव्याचे भवितव्य केवळ पर्यटनाच्या सौंदर्यात शोधणारा कॅमेरा आम्हांस अपुरा वाटतो. फोडलेल्या खडकाकडे तो वळला, तर न टिपलेल्या चेहऱ्यांची निदान खूण तरी उमटेल. आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका चाळतानाही वाचकांनी हा प्रश्न सोबत ठेवावा.