दाईजानची भीती

'दाई' म्हटले की उर्दूत आपल्याला सुईण आठवते. फारसीत दाई म्हणजे मामू. इराज पेझेश्कझाद यांच्या 'दाईजान नेपोलियन' (१९७३) या कादंबरीतले दाईजान हे असेच एक मामूजान. तेहरानमधल्या एका बागेत सारे खानदान राहते आणि तेरा वर्षांचा निवेदक मामूच्या मुलीच्या, लैलीच्या प्रेमात पडतो. आपल्या घरांत ही गोष्ट काही नवलाची नाही. त्यामुळे पुस्तक लगेच जवळचे वाटते. पहिल्या वाचनात मी नुसता हसलो.

मामूजान तरुणपणी दक्षिणेत दरोडेखोरांशी लढलेले. दर वेळी सांगताना त्या चकमकी वाढत जातात आणि शेवटी इंग्रज फौजेशी झालेल्या लढाया होतात. नोकर मश कासिम साक्षीला हजरच. मग ऑगस्ट १९४१ मध्ये इंग्रज आणि रशियन सैन्य खरोखरच इराणात शिरते. मामूंची खात्री पटते की इंग्रज जुना हिशेब चुकवायला, खास त्यांच्यासाठी आले आहेत. ते हिटलरला पत्र लिहिण्यापर्यंत जातात. शेजारचे सरदार महारत खान हिंदी, म्हणजे मामूंच्या लेखी इंग्रजांचे हेर!

या हिंदी शेजाऱ्यापाशी मी दुसऱ्या वाचनात थांबलो. १९४१ साली इराणात घुसलेल्या ब्रिटिश सैन्यात हिंदी डिव्हिजन होत्या. पहिल्या महायुद्धातही दक्षिण इराणात हिंदी शिपाई होतेच. इंग्रजांची सत्ता इराणी माणसाला अनेकदा आपल्याच चेहऱ्याने भेटली. आपण स्वतःला इंग्रजांचे बळी म्हणतो, ते खरेच आहे. पण ही बाजू आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येते.

इराणात 'दाईजान नेपोलियन' हे आता विशेषण झाले आहे. जिथे तिथे परक्यांचा हात पाहणाऱ्याला लोक तसे म्हणतात. कादंबरीचा हा अर्थ मला अर्धाच वाटतो. १९०७ मध्ये इंग्रज आणि रशियन यांनी इराणला न विचारता त्या देशात आपापले प्रभावक्षेत्र आखले. १९४१ मध्ये रझाशाहला गादी सोडावी लागली. इंग्रजांनी त्याला देशाबाहेर नेले तेव्हा त्याचे जहाज मुंबई बंदरापाशी आले, पण त्याला उतरू दिले नाही. तिथूनच मॉरिशसला धाडले. १९५१ मध्ये मुसद्दिक यांनी तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि १९५३ मध्ये त्यांचे सरकार उलथवले गेले. त्यातला आपला हात सीआयएने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या कागदपत्रांत कबूल केला. कादंबरी या उठावानंतर वीस वर्षांनी आली. मामूंना वेडे ठरवणारा इराणी वाचक हे सारे विसरून हसत असेल, असे मला वाटत नाही.

मामूंची भीती खोटी नाही. त्या भीतीत त्यांनी स्वतःला दिलेली जागा खोटी आहे. इंग्रज इराणात आले ते तेलासाठी आणि रशियाला रसद पोचवण्याच्या वाटेसाठी. मामूंचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. पण शत्रू मोठा असला की आपणही मोठे होतो. निवेदकाचे वडील हे बरोबर ओळखतात. मेहुण्याने केलेल्या अपमानाचा सूड म्हणून ते त्या भीतीला खतपाणी घालत राहतात. मला कादंबरीतला सर्वांत भेदक भाग हाच वाटतो. भ्रम एकाचा, सोय दुसऱ्याची.

इथे मला माझेच भाषण आठवले. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल घसरला तेव्हा पालकसभेत मी सारा दोष उर्दू प्रश्नपत्रिकेच्या भाषांतराला दिला. भाषांतरात चुका होत्या, हे खरेच. गणिताचे शेवटचे दोन धडे आम्ही वर्गात घेतलेच नव्हते, हे मात्र मी बोललो नाही. टाळ्या भरपूर पडल्या.

कादंबरीत दोष आहेत. असदुल्ला मिर्झांचा चावट विनोद पुन्हा पुन्हा येतो आणि शिळा होतो. बायका बहुतेक भांडणापुरत्या. शाहच्या काळात, १९७६ मध्ये, नासिर तक्वाई यांनी तिच्यावर मालिका केली, ती घराघरांत पाहिली गेली. १९७९ च्या क्रांतीनंतर पुस्तकावर बंदी आली आणि लेखक पॅरिसला गेले. २०२२ मध्ये ते परदेशातच वारले.

माझी खरी तक्रार लैलीबद्दल आहे. मामू इंग्रजांची वाट पाहत असताना तिचे लग्न चुलतभावाशी लागते. एवढ्या जाड पुस्तकात तिला स्वतःला काय वाटले, याला लेखकाने जागाच दिलेली नाही.